लेकीने आणलेला सुगंध

ईदची नमाज आणि अत्तराचा फाया ही जोडी आमच्या घरात आजोबांच्या काळापासून चालत आली आहे. मुंबईला गेलो की मोहम्मद अली रोडवरून गुलाब, मोगरा, खस अशा छोट्या कुप्या आणायच्या आणि ईदपर्यंत जपून ठेवायच्या.

यंदा चांदरातीला आमच्या लेकीने शिकवणीच्या पहिल्या कमाईतून वेगळीच भेट आणली. एक बॉडी मिस्ट आणि एक बॉडी लोशन. वर गुलाबी फुले, नावे ‘पिओनी’ आणि ‘चेरी ब्लॉसम’.

“अम्मी, अब्बा, नवीन आलंय. लावून तर बघा!”

आम्ही दोघेही शिक्षक. हाती आलेले तपासल्याशिवाय राहवत नाही. मिस्टचे लेबल वाचले, तर पहिलाच घटक अल्कोहोल. “हे नमाजला कसं चालेल? आणि पिओनीचा वास तर प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. आपलं अत्तर बघ, खऱ्या फुलांचं!” असे म्हणून आम्ही दोन्ही वस्तू परत केल्या. लेक काही बोलली नाही. बाटल्या उचलून आत गेली.

हे सारे दादी ऐकत होत्या. रात्री म्हणाल्या, “सुगंध कुणी दिला तर परत करू नये, ही हुजूर (स.) यांची शिकवण. मुलांना शिकवता आणि स्वतः विसरता?”

आम्हाला झोप लागली नाही. फजरनंतर इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, “यात उलेमांचे मतभेद आहेत. पण द्राक्षे वा खजुरापासून न बनलेले अल्कोहोल अंगाला लावण्यास अनेक उलेमा हरकत घेत नाहीत.”

मग आपल्या कुपीचाही विचार मनात आला. कन्नौजला तांब्याच्या डेगमध्ये फुले आणि पाणी घालून मंद आच देतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तेथे चंदनाच्या तेलात मुरते. हे आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो. पण चंदन महागले, तशी स्वस्त अत्तरांत त्याची जागा लिक्विड पॅराफिनने घेतली. आमची शंभर रुपयांची कुपी यातली कुठली, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. सगळी चौकशी लेकीच्या भेटीचीच!

ईदगाहला निघण्यापूर्वी आम्ही तिच्याकडे बाटली मागितली. “खरंच लावणार?” तिने दोनदा विचारले. मग दोघांच्याही बाह्यांवर फवारा मारला. दादींनी लोशनसाठी हात आधीच पुढे केला होता.

हलाल-हराम विचारायलाच हवे. पण मुलांनी प्रेमाने आणलेले आधी हातात घ्यावे, दुआ द्यावी आणि मग शांतपणे विचारावे. अल्लाह आम्हा आई-बापांना ही समज देवो. आमीन.