डिकींत न मावलेली पेटी

प्रवासास निघणाऱ्या मनुष्याची पारख त्याच्या सामानावरून करावी, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. ही कसोटी आजवर आम्ही दुसऱ्यांसच लावीत आलों. गेल्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांत ती आमच्यावर उलटली, आणि तीहि एका चिमुकल्या मोटारीच्या डिकीपाशीं. म्हणून ती हकीकत वाचकांस सांगावी असें वाटलें.

आमची कन्या सॅन होजे येथें नोकरी करते. चार वर्षांपूर्वीं तिनें 'माझदा एम. एक्स. ५' ही मोटार घेतली. ही जातीची गाडी १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली, आणि दोन आसनांच्या शर्यती थाटाच्या मोटारींत हिच्याइतका खप दुसऱ्या कोणत्याहि गाडीचा झालेला नाहीं. हें सर्व माहात्म्य कन्येनें आम्हांस फोनवर ऐकविलें. आमच्या कानांत मात्र 'दोन आसनें' एवढेच शब्द राहिले. "आणि तिसरें माणूस कोठें बसणार?" असें आम्हीं विचारलें. प्रश्न मोटारीचा नव्हता, हें तिलाहि कळलें व आम्हांसहि. लग्न करावयाचें नाहीं असा तिनें निश्चय केला होता. त्याचा राग आम्हीं त्या बिचाऱ्या गाडीवर काढला. त्यानंतर आम्हां बापलेकींचें संभाषण हवापाण्यापलीकडे गेलें नाहीं. बाकीचें सर्व तिच्या आईच्या मध्यस्थीनें चाले. दोन वर्षांपूर्वीं तीहि मध्यस्थी संपली.

आम्ही कन्येकडे गेलों ते दोन मोठ्या पेट्या घेऊन. त्यांतील निळी, कठीण कवचाची पेटी तिच्या आईची. चार दिवस समुद्रकांठानें मॉन्टरे आणि बिग सर येथें जाऊन यावें, असें कन्येनें ठरविलें. "बाबा, सामान मात्र थोडकें घ्या," एवढेंच ती म्हणाली. आम्हीं निळी पेटी भरली. तुझी आई हिच्यावांचून कधीं प्रवासास निघाली नाहीं, असें वर ऐकविलेंहि.

आम्ही पेशानें गणिताचे शिक्षक. आम्हीं टेप घेऊन पेटी मापली : ७६, ५२ व ३० सेंटिमीटर. गुणाकार केला, तों सुमारें ११८ लिटर भरले. गाडीच्या माहितीपुस्तकांत डिकी १३० लिटरांची दिलेली. म्हणजे पेटी ठेवून बारा लिटर जागा उरावयास हवी! पेटी आडवी घातली, उभी केली, तिरपी करून पाहिली. झांकण कांहीं केल्या लागेना. डिकीचा तळ खोल, पण तोंड अरुंद. आणि चाकांवरच्या कमानी दोन्ही अंगांनीं आंत आलेल्या. तेव्हां कन्येनें उलगडा केला. डिकीचें माप घेतांना म्हणे एकेका लिटरचे, २० × १० × ५ सेंटिमीटरांचे ठोकळे कोनाकोपऱ्यांत बसवितात आणि ते मोजतात. १३० लहान ठोकळे मावतात, म्हणून १३० लिटर. एकच मोठा ठोकळा मावेल, असें वचन कोणीं दिलेलेंच नाहीं! गुणाकार बरोबर असूनहि उत्तर चुकतें, हें आम्हांस इतक्या वर्षांच्या शिक्षकीनंतर कळलें.

पेटी आणि वाहन यांचें हें भांडण जुनें आहे. पूर्वीं पेट्यांचीं झांकणें फुगीर असत, त्यामुळें त्या एकावर एक रचतां येत नसत. पॅरिसच्या लुई व्हिटननें १८५८ च्या सुमारास सपाट झांकणाची पेटी काढली. आरंभींच्या मोटारींस सामानाची निराळी जागाच नसे. मागें खरीखुरी ट्रंक बांधीत, म्हणून अमेरिकन लोक त्या जागेस अद्यापि 'ट्रंक' म्हणतात. आमचा 'डिकी' शब्द तेथील मागच्या उघड्या बैठकीवरून आला. इटलींत मोडेनाच्या स्केदोनी नांवाच्या कारागिरांनीं फेरारी गाड्यांसाठीं त्यांच्या डिकीच्या आकाराबरहुकूम कातडी बॅगा शिवल्या. अर्थात् ज्यांना फेरारी परवडते, त्यांना बॅगाहि परवडतात.

कन्या घरांत गेली आणि एक लहानशी मऊ बॅग व चारपांच कापडी पिशव्या घेऊन आली. त्या पाहतांच आम्ही ओळखल्या. जुन्या लुगड्यांच्या त्या पिशव्या तिच्या आईनें शिवलेल्या. दरसाल भाजणी, मेतकूट त्यांतूनच जाई. पोरीनें त्यांतली एकहि टाकली नव्हती. "आई असती ना बाबा, तर तिनें ह्याच घेतल्या असत्या," ती म्हणाली. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मग तिनें सामान लाविलें. कपड्यांच्या घड्या न घालतां गुंडाळ्या केल्या. जोडे एकेक करून कोपऱ्यांत सारले. जड पिशवी तळाशीं, चेपणारी कमानीलगत, आणि लागेल ती शाल सर्वांत वर. या गाडीचें कापडी छत मिटून आसनांच्या मागें बसतें, डिकींत येत नाहीं. म्हणून तें उघडण्यासाठीं सामान हलवावें लागत नाहीं. झांकण पहिल्याच खेपेस लागलें, आणि वर घरच्या चिवड्याचा डबाहि मावला!

१९३२ सालीं बांधलेल्या बिक्सबी पुलावर आलों तेव्हां छत उघडें होतें. एकीकडे डोंगर, दुसरीकडे खालीं प्रशांत महासागर. वाऱ्यामुळें बोललेलें ऐकूं येत नव्हतें, आणि तें बरेंच होतें. आमच्या मनांत ती निळी पेटी घोळत होती. घरांत वागतांना आम्ही तशीच कवचाची पेटी होऊन राहिलों. आपला आकार तिळभर मोडावयाचा नाहीं आणि जागा नाहीं म्हणून दुसऱ्याच्या डिकीस दोष द्यावयाचा! तिची आई मात्र कापडी पिशवीसारखी, पडेल त्या कोपऱ्यांत सामावून सर्वांचें धरून ठेवणारी.

पूल ओलांडल्यावर गाडी थांबली, तेव्हां आम्ही म्हणालों, "गाडी चांगली आहे हो तुझी." तिनें नुसतें हसून शाल आमच्या खांद्यावर नीट केली. चार वर्षांपूर्वीं तिसरें माणूस कोठें बसेल याची आम्हांस चिंता पडली होती. दुसरें आसन चार वर्षें रिकामें होतें, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.