वाडीतलं ऊन

गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ या ॲनिमेशन लघुपटातली म्हातारी काही बोलत नाही. एक घर, एक मांजर, खिडकीबाहेर शहर, आणि सगळं करड्या रंगात. तिच्याजवळ काड्यापेट्या जमवलेल्या आहेत. त्यांच्यावरच्या छापील चित्रात ती शिरते आणि पडदाभर रंग उसळतात. एकटेपण मला कुठल्या नटीच्या चेहऱ्यावरूनही एवढं उमगलं नव्हतं, जेवढं त्या करड्या भिंतींवरून उमगलं. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या राव यांनी हा लघुपट हातानं रंगवला आणि २००६ साली कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला तीन पुरस्कार मिळाले.

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली, तेव्हा पडद्यावर काड्या हलत होत्या. फाळक्यांनी काडीत जीव घातला. राव यांनी रिकाम्या पेटीत मन ठेवलं. हे नातं मला फार प्रिय आहे.

नटाचे डोळे भरून आले की कॅमेरा नुसता समोर असला तरी पुरतं. ॲनिमेशनमध्ये डोळाही कुणीतरी रेखाटायचा आणि त्यातलं पाणीही. आपोआप तिथं काहीच येत नाही. भिंतीला गेलेला तडा, दारातली एकच चप्पल, ढगाची कड, सगळं ठरवून आलेलं. म्हणूनच भावना माणसांपेक्षा वस्तूंत जास्त मुरते.

पण वस्तूचा अर्थ गावागणिक बदलतो. इसाओ ताकाहाता यांच्या १९८८च्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये युद्धात पोरकी झालेली धाकटी बहीण सकाळी मेलेले काजवे मातीत पुरते आणि तिला आई आठवते. सह्याद्रीत झाडं काजव्यांनी लखलखली की आपण म्हणतो, आता पाऊस आला. किडा तोच, पण तिथं तो मरणाचा आणि इथं पेरणीचा.

अलिबागहून आमच्या नागावला येताना वाटेत अक्षी लागतं. तिथला जुना मराठी शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा मानतात. अक्षरांच्या वर चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाही कळावं की लेखात नोंदलेलं दान चंद्रसूर्य असेतोवर चालायचं. चित्रातून बोलायची रीत या किनाऱ्याला नवी नाही.

नागावच्या वाडीत ऊन कधी सलग उतरत नाही. वर माडाच्या झावळ्या, त्यांच्या आडोशाला पोफळी, खाली केळी आणि जायफळ. इतक्या पानांतून गाळून आलेलं ऊन ओलसर आळ्यांभोवती कवडसे होऊन हलत राहतं. पोफळीच्या खोडाला थेट ऊन सोसत नाही, ते करपतं. सावली ही इथली मिळकत आहे. आजोबांनी लावलेली सावली नातवाला मिळते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यानं माड मधोमध मोडले, पोफळी एकमेकींवर आडव्या झाल्या. वादळ सरल्यावर अशा वाड्यांत जमिनीवर लख्ख ऊन पडलं होतं. पिढ्यान् पिढ्या ज्या मातीनं भर दुपार पाहिली नव्हती, ती उघडी पडली. तो उजेड पाहवत नव्हता. पोफळीच्या नव्या रोपाला सुपारी धरायलाच पाच-सात वर्षं लागतात, आणि सावली दाट व्हायला त्याहून कितीतरी जास्त.

उजेड म्हणजे आशा आणि अंधार म्हणजे दुःख, हे समीकरण जगभरच्या चित्रपटांनी आपल्या डोळ्यांत इतकं भरलंय की हातात कुंचला आला की तेच रंग आधी उचलले जातात. आमच्याकडे ते उलटं आहे, आणि ते उलटं असणं दाखवायला ॲनिमेशनसारखं दुसरं माध्यम नाही. कॅमेरा वाडीतलं ऊन टिपेल. ते ऊन कुणाच्या काळजात कसं शिरलं, हे चित्रकारच रंगात उतरवू शकेल.

ॲनिमेशन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. दुःख दाखवायला दरवेळी पाऊस पाडू नका. नागावच्या बागायतदाराचं दुःख रंगवायचं असेल तर त्याच्या वाडीत भरपूर ऊन रंगवा, आणि त्याआधी इथं येऊन चार दिवस पोफळीखाली बसा.