पानावर हात फिरवून बघा

जून संपत आला की कॅनडातल्या हॅमिल्टनच्या जुन्या वस्तीतल्या मागच्या गल्ल्या जांभळ्या होतात. कुंपणाच्या जाळीतून, गॅरेजच्या भिंतीला चिकटून, रेल्वेच्या रुळांशेजारी, कुणीही न लावलेली तुतीची झाडं फळांनी वाकलेली असतात. खाली फुटपाथवर फळांचा चिखल होतो आणि गाड्यांच्या टपांवर पक्ष्यांनी टाकलेले डाग पडतात. आपल्याकडची माणसं हे झाड लांबूनच ओळखतात. अफगाणी, इराणी, चिनी शेजारीही ओळखतात. झाडाखाली चादर धरून फांदी हलवणारी कुटुंबं पाहिली की परक्या गावात कुणी नात्यातलं भेटल्यासारखं वाटतं.

हे झाड म्हणजे पांढरी तुती, मोरस आल्बा. मूळची चीनची. मराठवाड्यात रेशीम अळ्यांसाठी शेतकरी जी तुती लावतात ती याच गोतावळ्यातली. जालना-बीडकडच्या घरांना या पाल्यावर चार पैसे मिळतात आणि ते मोलाचे आहेत. इथे दक्षिण ऑन्टारियोत मात्र ही परकी, आक्रमक प्रजाती आहे. तिच्यामुळे ज्या झाडाचा वंश बुडायची वेळ आली आहे ते तिच्याच भाऊबंदांपैकी आहे: इथली मूळची लाल तुती, मोरस रुब्रा.

पांढऱ्या तुतीला या खंडात माणसानेच आणलं, तेही रेशमाच्या लोभापायी. १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या पहिल्या विधिमंडळाने प्रत्येक वसाहतवाल्याने दरवर्षी तुतीची सहा झाडं लावावीत असा कायदा केला. रेशमाच्या किड्याला लाल तुतीचा पाला मानवत नाही, म्हणून आशियातली तुती आली. १८३० च्या दशकात अमेरिकेत तुतीच्या रोपांचा असा सट्टा चालला की लोकांनी कर्ज काढून रोपं घेतली, आणि १८३९ मध्ये भाव कोसळले. रेशमाचा धंदा बुडाला, पण झाडं राहिली. त्यांच्या बिया पक्ष्यांनी गावोगाव नेल्या.

लाल तुती कॅनडात फक्त ऑन्टारियोच्या दक्षिण टोकाला आढळते: नायगारा परिसर, पॉइंट पेली, पेली बेट, आणि आमच्या हॅमिल्टन-बर्लिंग्टनच्या दऱ्या. इथले मूलनिवासी हॉडेनोशोनी लोक तिची फळं ठेचून, वड्या करून वाळवून ठेवत. आज ही झाडं शेकड्यांत मोजावीत इतकीच उरली आहेत. १९८७ मध्ये तिला धोक्यात आलेली प्रजाती ठरवलं गेलं, १९९९ मध्ये संकटग्रस्त.

जागा बळकावणं हे पांढरीचं एक काम. खरं नुकसान होतं ते परागांतून. तुतीत बहुधा नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि पराग वाऱ्यावर जातात. पांढऱ्या तुतीचा नर फुलोरा पराग उडवतो तो ध्वनीच्या निम्म्याहून जास्त वेगाने. आता एकट्या लाल मादीभोवती पांढऱ्या नरांची गर्दी असली तर तिच्या फळातल्या बिया संकरित निघणार. संकरित झाडंही फळतात आणि पुन्हा पांढरीशीच त्यांचा संबंध येतो. ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी हा संकर जनुकांच्या पातळीवर दाखवून दिला आहे. एकही झाड न तोडता, पिढ्यांमागून पिढ्या, लाल तुती पांढरीत विरघळत चालली आहे.

म्हणून ओळख महत्त्वाची. बर्लिंग्टनला घर घेतलेल्या मैत्रिणीने मागच्या उन्हाळ्यात फोन केला. "अगं, अंगणात तुती आहे, फळं काळीभोर आहेत. म्हणजे लालच ना? ठेवू की तोडू?" मी म्हटलं, फळाचा रंग सोडून दे. पांढऱ्या तुतीची फळं पांढरी, गुलाबी, पार काळीसुद्धा असतात. पानाच्या आकारावरही जाऊ नकोस. दोन्ही झाडांवर अखंड आणि कातरलेली पानं एकत्र दिसतात. फळं धरलेल्या फांदीचं पूर्ण वाढलेलं पान घे आणि त्यावर हात फिरव.

पांढरीचं पान वरून गुळगुळीत आणि चकचकीत. उलटं केलं तर लव असते ती फक्त शिरांच्या कडेने. कडेचे दाते बोथट. लाल तुतीचं पान मोठं, निस्तेज, वरून पारिजातकाच्या पानासारखं खरखरीत. खालून सगळीकडे मऊ लव, आणि टोक एकदम लांब निघालेलं. देठ तोडला की चीक दोन्हीत येतो. वड, उंबर, फणस यांचंच हे कूळ. संकरित झाड मात्र या दोहोंच्या मधलं असतं आणि तिथे नजर पुरत नाही, जनुकीय तपासणी लागते. मैत्रिणीचं पान असंच मधलं निघालं. तिने झाड ठेवलं आणि पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो जाणकारांकडे पाठवले. तिने योग्य तेच केलं. कारण घाईने करवत चालवली तर सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि इथे ओलं फारच थोडं उरलं आहे.

'परकी', 'आक्रमक' हे शब्द वाचले की आपल्यातल्या काहींना बोचतात. आपणही बाहेरूनच आलो ना, असं मराठी मंडळात कुणीतरी म्हणतंच. त्यामागचं दुखणं मला कळतं, तुलना मात्र पटत नाही. पुण्याच्या माळावर गाजरगवत उपटताना किंवा सह्याद्रीत घाणेरी काढताना आपण कुणा अमेरिकन माणसाला बोल लावत नसतो, आणि या दोन्ही वनस्पती अमेरिका खंडातूनच आल्या आहेत. झाडाला दोष देता येत नाही, कारण ते शेजाऱ्याची विचारपूस करू शकत नाही, थांबू शकत नाही. माणूस हे करू शकतो, म्हणून जबाबदारी माणसाची. ज्या जमिनीवर आपण घर केलं तिची मूळ झाडं ओळखणं मला नागरिकत्वाच्या शपथेइतकंच गंभीर वाटतं.

तेव्हा गल्लीतली फळं खुशाल खा. पांढऱ्या तुतीची खात्री पटली, तर अंगणातली रोपटी वसंतात माती ओली असताना मुळासकट उपटा, कारण नुसतं कापलं तर ती पुन्हा फुटतात. मोठ्या झाडाला हात लावण्याआधी पालिकेचे नियम विचारा. आणि पान खरखरीत लागलं, तर करवत बाजूला ठेवून आधी जवळच्या वनस्पती उद्यानाला कळवा. कॅनडातल्या थोड्याशा उरलेल्या लाल तुतींपैकी एक कदाचित तुमच्याच कुंपणाशी उभी असेल, आणि ती वाचवण्याचं भाग्य मग तुमचं.