सवलतीचा गठ्ठा

सणासुदीचे दिवस आले कीं कापडाप्रमाणें हल्ली संगणकाच्या सॉफ्टवेअरचेहि गठ्ठे सवलतीनें विकावयास निघतात. एकाच्या किंमतींत दहा, 'आजन्म' वापराची हमी, आणि शेजारीं उरलेलीं मिनिटें मोजणारें घड्याळ! असा एक गठ्ठा कुलनिधींतून घ्यावा, असें आमच्या पुण्याच्या दादांनीं सुचविलें व आमचें मत विचारलें. कुलवृत्तांताच्या पीडीएफ प्रतींत नांवांच्या बऱ्याच चुका आहेत. गठ्ठ्यांतील पीडीएफ संपादकानें त्या घरच्याघरीं सुधारतां येतील, हा त्यांचा हेतु. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडणें जिवावर येतें. पण निधि हा वृद्धांनीं निवृत्तिवेतनांतून दिलेल्या वर्गण्यांचा आहे, हेंहि विसरतां येत नाहीं.

आमच्या नामपुरास बाजार समितींत कांद्याचा लिलाव होतो, तेव्हां व्यापारी वरवरचा माल पाहून बोली बोलत नाहीं. ढीग उकरून आंतला कांदा पाहतो. आम्हींहि तेंच केलें. संपादकाची थोड्या दिवसांची मोफत चाचणी-प्रत मिळत होती. ती पुतणीकडून संगणकावर घालून घेतली व वृत्तांताचें एक पान उघडलें. इंग्रजी ओळ सुरळीत बदलली; परंतु 'कृष्णाजी' या नांवाला हात लावतांच जोडाक्षर फुटलें, आणि शेजारच्या शब्दांतली वेलांटी भलतीकडेच गेली.

याचें कारण पीडीएफच्या मुळाशींच आहे. अॅडोबी कंपनीनें १९९३ सालीं हा प्रकार काढला, तो दुरुस्तीसाठीं नव्हे. पान कोणत्याहि यंत्रावर जसेंच्या तसें दिसावें यासाठीं. त्यांत अक्षरांच्या आकृति व त्यांच्या जागा नोंदलेल्या असतात. त्या कोणत्या वर्णांपासून झाल्या, ही नोंद देवनागरीच्या बाबतींत पुष्कळदां अपुरी असते. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेल्या मजकुराची अवस्था तर आणखीच बिकट. तेव्हां छापखान्यांतून जुळणीची मूळ फाईल मिळवावी, तींत दुरुस्ती करावी आणि नवी पीडीएफ काढावी, हाच राजमार्ग.

किरकोळ कामांना पैसेहि पडत नाहींत. २००८ सालीं पीडीएफ हें आंतरराष्ट्रीय मानक झालें. त्यानुसार साधनें कोणासहि करतां येतात. लिहून पीडीएफ काढण्यास लिब्रेऑफिस, पानें जोडण्यास व वेगळीं करण्यास पीडीएफसॅम बेसिक, हीं दोन्ही विनामूल्य आहेत. 'आजन्म' या शब्दाचा अर्थहि अटींत वाचून घ्यावा. तो जन्म पुष्कळदां घेणाराचा नसून त्या आवृत्तीचा असतो!

मात्र विकतचा संपादक सर्वांस निरुपयोगी, असें आमचें म्हणणें नाहीं. आधार क्रमांकावर नुसती काळी पट्टी ओढली, तर खालचा मजकूर फाईलींत तसाच राहूं शकतो. तो खरोखर काढून टाकणारें साधन ज्या वकिलास वा कचेरीस रोज लागतें, त्यांनीं तें अवश्य घ्यावें. सवलत मिळाली तर उत्तमच.

घरानें मात्र एवढेंच विचारावें : दहांपैकीं किती साधनें वर्षभरांत उघडलीं जातील? एकच, तर त्या एकाचीच किंमत पाहावी. एकहि नाहीं, तर सारी सवलत व्यर्थ. दादांना आम्हीं हेंच नम्रपणें लिहिलें आहे, आणि वांचलेल्या पैशांत वृद्धांसाठीं मोठ्या टंकांतील छापील प्रती काढाव्या, अशी विनंती केली आहे. त्यांचें उत्तर यावयाचें आहे.