जर्मनीत गाडी चालवू पाहणाऱ्या भाचीस



पत्रास कारण की, नोकरीनिमित्त पुण्याहून स्टुटगार्टला जाण्याचे पक्के झाल्याचे आणि तेथे स्थिरस्थावर होताच मोटार घेण्याचा विचार असल्याचे घरून समजले. पुण्याच्या रहदारीत वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाला जर्मनीतील वाहनचालनाची तयारी म्हणजे मुख्यतः बाजू बदलण्याची तयारी वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बाजू बदलणे हा त्यातील सोपा भाग होय; रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची, ही मनात मुरलेली समजूत बदलणे हा अवघड भाग होय, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही म्हणून हा पत्रप्रपंच.

सोपा भाग आधी सांगून टाकलेला बरा. जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात व चालक गाडीत डावीकडे बसतो. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा क्रम तोच राहत असल्याने पायांना नवे काही शिकावे लागत नाही. गिअर मात्र उजव्या हाताने टाकावा लागतो, आणि इंडिकेटरची दांडी डावीकडे असल्यामुळे भारतात जपानी किंवा कोरियन बनावटीची गाडी चालवलेल्यांचा हात सुरुवातीला वळणावर वायपर सुरू करतो. त्यातून कोणाचे नुकसान होत नाही. खरा धोका रिकाम्या रस्त्यावर असतो, कारण पुढे दुसरी गाडी असली की चालक आपसूक तिच्या मागे योग्य बाजूला राहतो, पण पहाटे पेट्रोलपंपावरून बाहेर पडताना समोर कोणीच नसले तर हात जुन्या सवयीने गाडी डावीकडे नेतो. शिवाय हे पहिल्या दिवशी क्वचितच घडते. स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे संपूर्ण देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा आरंभी अपघात वाढण्याऐवजी कमी झाले आणि पुढे लोकांचा सावधपणा ओसरल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. नव्या चालकाने त्यामुळे पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अधिक जपावे.

आता मुख्य मुद्दा. जर्मन न्यायालये रहदारीच्या बाबतीत ‘फरट्राउएन्सग्रुंडझाट्स’, म्हणजे विश्वासाचे तत्त्व, मानतात: जो चालक स्वतः नियमाने वागतो, त्याला उलट दर्शवणारी खूण समोर दिसत नाही तोवर इतरही नियमाने वागतील असे गृहीत धरण्याचा हक्क असतो. याला एक अपवाद आहे व तो कायद्यातच लिहिलेला आहे. लहान मुले, वृद्ध आणि आधाराची गरज असलेली माणसे रस्त्याजवळ दिसली, तर चालकाने वेग कमी करून ब्रेक लावण्याच्या तयारीत राहिलेच पाहिजे. त्यांच्याकडून नियमाची अपेक्षा धरता येत नाही. पुण्यातील चालक याच्या नेमक्या उलट पायावर उभा असतो. कोणीही कोठूनही येईल असे धरून तो गाडी हाकतो, प्रत्येक चौकात नजरेने, हॉर्नने आणि गाडीचे नाक थोडे पुढे काढून वाटाघाट करतो, आणि ही वाटाघाट तो इतक्या सफाईने करतो की तिला कौशल्यच म्हटले पाहिजे. परंतु हेच कौशल्य स्टुटगार्टमध्ये धोक्याचे ठरते, कारण समोरचा माणूस वाटाघाटीस आलेलाच नसतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असलेल्या निवासी भागात मिळते. तेथे दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात, रस्ता अरुंद असतो, चौकात ना सिग्नल ना फलक, आणि उजवीकडून एखादी बारीकशी गल्ली येऊन मिळते. अशा ठिकाणी ‘रेश्ट्स फोर लिंक्स’ हा नियम लागू होतो, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, मग त्याची गल्ली कितीही किरकोळ दिसो आणि डावीकडच्याचा रस्ता कितीही रुंद असो. गल्लीतून येणारा जर्मन चालक हा मान गृहीत धरून येतो. तो नजरेला नजर देण्यासाठी थांबेलच असे नाही. म्हणून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वेग उतरवून उजवीकडे पाहणे ही सवय अंगवळणी पाडावी लागते. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा केल्यासारखा फलक दिसला, तर तो रस्ता प्राधान्याचा असतो आणि तेथे हा नियम लागत नाही. उलटा त्रिकोण दिसला, तर वाट द्यायची असते. विशेष म्हणजे भारतातही 1989 च्या वाहतूक नियमावलीने मुख्य रस्ता ठरवलेला नसेल अशा चौकात उजवीकडून येणाऱ्यांना वाट देण्यास सांगितले होते. कागदावर दोन्ही देशांचा नियम एकच असताना एका देशातील बहुसंख्य चालकांना तो ठाऊकही नसावा, ही मन विषण्ण करणारी गोष्ट आहे, आणि तिचा दोष केवळ चालकांवर टाकणे न्याय्य होणार नाही. वाहन परवाना देताना जे विचारलेच जात नाही, ते कोणी लक्षात ठेवीत नाही.

हेडलाइटच्या उघडझापीबाबत तर अगदी जपून राहावे. महाराष्ट्रातील रस्त्यावर समोरच्याने दिवे चमकवले की त्याचा अर्थ ‘मी येतो आहे, थांब’ असा घेतला जातो. जर्मन नियमांत हॉर्न आणि दिव्यांची उघडझाप यांचा वापर धोक्याची सूचना देण्यासाठी, किंवा वस्तीबाहेर ओलांडून जाण्याचा इरादा कळवण्यासाठीच करायचा असतो. व्यवहारात मात्र अरुंद जागी समोरच्याने दिवे चमकवले तर तो पुष्कळदा ‘तुम्ही आधी जा’ असे सुचवत असतो. पुण्याच्या अर्थाने दिवे चमकवून पुढे घुसणाऱ्या गाडीसमोर, त्याच खुणेचा जर्मन अर्थ घेऊन कोणी वाट काढू लागला, तर दोघेही आपापल्या परीने बरोबर असूनही धडक होईल. भाचीने ही खूण स्वतः वापरू नये, आणि दुसऱ्याने केली तरी रस्ता मोकळा असल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

चौकात हिरवा दिवा मिळाल्यावर उजवीकडे वळणे वरवर सोपे दिसते, पण परदेशी चालकाची कसोटी तेथेच लागते. त्याच वेळी समांतर जाणाऱ्या पादचाऱ्यांना आणि सरळ जाणाऱ्या सायकलस्वारांनाही बहुधा हिरवा दिवा असतो व वळणाऱ्या गाडीने त्यांच्यासाठी थांबायचे असते. सायकलस्वार मागून, गाडीच्या उजव्या अंगाने, मोठ्या विश्वासाने येतो आणि काही क्षण तो कोणत्याच आरशात दिसत नाही. म्हणून वळण्यापूर्वी मान वळवून खांद्यावरून मागे पाहण्याची सक्ती आहे; अशा पाहण्याला तेथे ‘शुल्टरब्लिक’ म्हणतात. वाहनचालन परीक्षेत परीक्षक चालकाच्या मानेकडे पाहत असतो. सायकलस्वाराला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडावे लागते, आणि तेवढी जागा नसेल तर मुकाट्याने मागे राहावे लागते. या नियमापुरते पाहिले तरी एखाद्या समाजात दुबळ्या वाहनाची किंमत किती आहे हे कळते.

ऑटोबानविषयी, म्हणजे सिग्नल व चौक नसलेल्या जलद महामार्गाविषयी, भारतात फार बोलले जाते, म्हणून येथे थोडक्यात. वेगमर्यादा नसलेल्या टप्प्यांवर ताशी 130 किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे. डावी मार्गिका केवळ ओलांडण्यासाठी असून ओलांडून झाल्यावर उजवीकडे परतायचे असते, आणि उजवीकडून ओलांडण्यास मनाई असते. ताशी 120 ने जाणाऱ्या गाडीमागे ताशी 200 ने येणारी गाडी दोनशे मीटरचे अंतर सुमारे नऊ सेकंदांत कापते. आरशात ठिपक्याएवढी दिसलेली गाडी मार्गिका बदलेपर्यंत मागे येऊन ठेपते. पुढच्या गाडीपासून मीटरमध्ये वेगाच्या निम्मे अंतर राखावे असा संकेत आहे, म्हणजे ताशी 100 ला 50 मीटर, आणि कडेचे पांढरे खुंट साधारण पन्नास मीटरवर रोवलेले असल्याने ते मोजणे सोपे जाते. वाहतूक तुंबून पायी चालण्याच्या वेगावर आली की, अपघात दिसो वा न दिसो, सर्वांत डाव्या मार्गिकेतील गाड्या डावीकडे आणि बाकी साऱ्या उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट उघडतात. तिला ‘रेटुंग्सगासे’ म्हणतात. सायरन ऐकू येण्यापूर्वीच ही वाट तयार असणे अपेक्षित असते, आणि ती न सोडणाऱ्यास किमान दोनशे युरो दंड व महिनाभर गाडी चालवण्यास बंदी होते. रुग्णवाहिका गर्दीत अडकून पडलेली पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना हा नियम शिकवण्याची गरज सर्वाधिक आहे.

कागदपत्रांचे काम निघण्यापूर्वीच सुरू करावे. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्ष चालतो, पण तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य असतो. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून साधारण सहा महिने भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. त्यानंतर जर्मन परवाना लागतो, आणि ज्यांचा परवाना परीक्षेविना बदलून मिळतो अशा देशांत भारत नसल्याने लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ठरावीक तासिकांची सक्ती मात्र अशा अर्जदारावर नसते. त्याखेरीज दृष्टितपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग लागतो. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते, परंतु प्रत्यक्ष परीक्षेत सूचना जर्मनमध्ये असतात, त्यामुळे डावे, उजवे, वळा, थांबा एवढे शब्द कानाला आधीच ओळखीचे असावेत. सक्ती नसली तरी तेथील शिक्षकाबरोबर काही तास जरूर घ्यावेत, कारण पुण्यात मुरलेल्या सवयी स्वतःला दिसत नाहीत. परीक्षेसाठी गिअरची गाडी निवडावी. नुसती ऑटोमॅटिकवर परीक्षा दिल्यास परवानाही तेवढ्याच गाड्यांपुरता मर्यादित राहू शकतो. अर्ज तपासण्यास कार्यालयाला बराच अवधी लागतो, तेव्हा पोचल्यावर पहिल्या महिन्यातच अर्ज टाकणे हिताचे. जर्मन परवाना हातात पडताना भारतीय परवाना तेथे जमा करावा लागतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून एक प्रत आईकडे ठेवून जावी.

घर मिळेपर्यंतच्या दिवसांत बसच्या पुढच्या आसनावर बसून चालक चौकात काय करतो ते न्याहाळावे. त्याला तिकिटापलीकडे खर्च नाही.

कळावे. वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

मामा