एल्सवर्थ पर्वत : भूगोल आणि नामकरण

पश्चिम अंटार्क्टिकात रॉन आइस शेल्फच्या, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या अफाट थराच्या, पश्चिम काठावर एल्सवर्थ पर्वत उभा आहे. त्याची लांबी सुमारे ३६० किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४८ किलोमीटर. मिनेसोटा हिमनदीमुळे त्याचे दोन भाग पडतात : उत्तरेला उंच, धारदार सेंटिनेल रांग आणि दक्षिणेला तुलनेने ठेंगणी, विस्कळीत हेरिटेज रांग. खंडातील सर्वोच्च शिखर माउंट विन्सन सेंटिनेल रांगेत येते. अंटार्क्टिकातला प्रत्येक डोंगर खंडाला आडव्या छेदणाऱ्या ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतात ढकलून मोकळे होण्याची सवय बरीच जुनी आहे. एल्सवर्थचे खडक त्या सवयीला दाद देत नाहीत.

हे खडक मुख्यतः पुराजीव महाकल्पातील गाळाचे आहेत. त्यांच्या घड्यांची दिशा ट्रान्सअंटार्क्टिक पर्वताच्या दिशेशी जवळजवळ काटकोन करते. खडकात गोठून राहिलेल्या प्राचीन चुंबकत्वाची मोजमापे सांगतात, की भूकवचाचा हा तुकडा सुमारे ९० अंशांनी फिरला आहे. भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका आदींचा प्राचीन गोंडवन खंड एकसंध असताना त्याची जागा दक्षिण आफ्रिकेच्या शेजारी असावी. विन्सनचा माथा क्रॅशसाइट गटातील कठीण क्वार्टझाइटचा आहे. त्या गटाच्या वर व्हाइटआउट काँग्लोमरेट येतो. त्यात बारीक, गडद गाळामध्ये लहानमोठे गोटे कसलीही प्रतवारी न होता रुतलेले दिसतात. वाहते पाणी गाळ निवडून टाकते, बर्फ निवडत नाही; म्हणून हा हिमनदीचा ठेवा ठरतो. चंद्रपूर जिल्ह्यातील तालचीर थरांतले गोटेही साधारण त्याच हिमयुगाचे. एल्सवर्थमध्ये व्हाइटआउटच्याही वरच्या पोलारस्टार थरात ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे जीवाश्म सापडतात. वर्धा खोऱ्याचा कोळसा ज्या जंगलांपासून झाला, त्यांतली प्रमुख वनस्पती हीच.

इथे वस्ती कधीच नव्हती, त्यामुळे नावे सगळी बाहेरून आली. २३ नोव्हेंबर १९३५ रोजी अमेरिकी शोधक लिंकन एल्सवर्थ आणि वैमानिक हर्बर्ट हॉलिक-केन्यन डंडी बेटावरून खंड ओलांडायला निघाले आणि वाटेत त्यांना हे डोंगर दिसले. एल्सवर्थने त्यांना सेंटिनेल, म्हणजे पहारेकरी, म्हटले आणि एका शिखराला पत्नी मेरी लुईझ अल्मरचे माहेरचे आडनाव दिले. पर्वत दक्षिणेकडेही पसरला आहे हे कळल्यावर अमेरिकेच्या नामकरण समितीने सबंध पर्वताला एल्सवर्थचे नाव दिले आणि सेंटिनेल उत्तरेपुरते राखले. हेरिटेज रांगेत अमेरिकी राष्ट्राभिमानाची वरातच निघाली : लिबर्टी हिल्स, इंडिपेन्डन्स हिल्स, पेट्रियट हिल्स. माउंट टायरी हे अमेरिकी नौदलातील अ‍ॅडमिरलचे नाव, माउंट शिन वैमानिकाचे. कार्ल विन्सन हे जॉर्जियाचे काँग्रेस सदस्य. त्यांनी अंटार्क्टिक संशोधनाला सरकारी पाठबळ मिळवून दिले. खंडाचे सर्वोच्च टोक निधी मिळवून देणाऱ्याच्या नावावर चढले, हे खटकणारे आहे. पण शोधमोहिमांच्या इतिहासात अपवादात्मक नाही.

खरा घोळ वेगळाच आहे. विन्सन मॅसिफ म्हणजे सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद असा, अनेक शिखरे पोटात घेतलेला डोंगराचा अख्खा गठ्ठा. माउंट विन्सन हे त्यातील सर्वांत उंच शिखर. १८ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकी गिर्यारोहक प्रथम पोहोचले ते या शिखरावर. तरीही अधिकृत यादीत दोन्ही नावे वेगळी झाली ती २००६ मध्ये. चढाईच्या बातम्यांत आजही ‘माउंट विन्सन मॅसिफ सर’ असे छापून येते. गठ्ठा सर होत नाही, शिखर होते. उंचीचीही तीच गत. आरंभीचा अंदाज ५,१४० मीटरचा होता, नंतरच्या सर्वेक्षणात ४,८९७ आले आणि २००४ च्या जीपीएस मोजणीने ४,८९२ ठरवले.

अलीकडे सेंटिनेल रांगेतील कडे, खिंडी आणि हिमनद्यांना बल्गेरियाने मोठ्या प्रमाणावर नावे दिली. प्रोबुदा हे बल्गेरियातल्या एका गावाचे नाव आता इथल्या एका डोंगरधारेला आहे. चिली या टापूवर दावा सांगतो, पण १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने सगळेच दावे गोठवले आहेत. त्यामुळे नावांवर शेवटचा शब्द कुणाचाच नाही. स्कार ही आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती निरनिराळ्या देशांनी दिलेली नावे एका सूचीत नोंदवते, निवाडा करत नाही. मराठी नकाशे आणि पाठ्यपुस्तके छापणाऱ्यांनी निदान ४,८९२ हा आकडा घ्यावा आणि शिखराच्या नावापुढचा ‘मॅसिफ’ काढून टाकावा.