दोन किलोची पेटी, अर्ध्या किलोची काडी

पूलचा क्यू, म्हणजे टेबलावरचे चेंडू मारायची लांब काडी, पावसाळ्यात बिघडतो, असं पुण्या-मुंबईचे खेळणारे सांगतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या मुकुटबनात तो उन्हाळ्यात बिघडतो आणि त्याला कारण कूलर. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, हवा फुफाट्यासारखी कोरडी; घरात मात्र रात्रंदिवस ओल्या ताट्यांतून येणारा दमट वारा. मध्येच लाइन गेली की त्याच खोलीची भट्टी. असं घडीत ओलं, घडीत कोरडं होणं लाकडाला मानवत नाही. वणीच्या ज्या पार्लरमध्ये मी खेळायला जातो, तिथल्या एका मित्राचा चांगला महागाचा क्यू एका उन्हाळ्यात असाच गेला. कपाटाशेजारी भिंतीला टेकवून उभा होता, नेमका कूलरच्या तोंडी. सरळ क्यू टेबलावर ठेवून लोटला की कापडावरून एकसारखा घरंगळत जातो. याचं टोक दर फेरीला वर उचललं जायचं आणि टपकन खाली पडायचं. वाकलेला क्यू पुन्हा सरळ करायचे उपाय सगळे सांगतात, जमलेला कुणाचा मी पाहिला नाही.

माझा क्यू पुण्यातल्या नोकरीच्या काळातला. गावी परत येऊन कृषी केंद्र टाकलं, तेव्हा सामानासोबत तोही आला. दोन तुकड्यांचा, मध्ये पेचाने जुळणारा. जोडला की 58 इंच, वजन 19 औंस, म्हणजे अर्ध्या किलोला थोडं वर. पुढचा शाफ्ट मेपलचा. मेपल हे उत्तर अमेरिकेतलं थंडीत वाढणारं झाड. त्याचं लाकूड पांढरट, घट्ट आणि गुळगुळीत, पण ओल पटकन ओढणारं. टोकाला 13 मिलिमीटरची चामड्याची टिकली. अशी चीज कूलरच्या गावात सांभाळायची म्हणजे तिला स्वतःचं घर हवं, हे त्या मित्राचा क्यू पाहून पक्कं झालं.

गावात लोक विचारतात, हा साहेबी खेळ इथे कशाला? त्यांना मी जबलपूर सांगतो. स्नूकर हा पूलच्याच घराण्यातला खेळ आणि तो विलायतेत नव्हे, जबलपूरच्या छावणीत जन्मला. 1875 मध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे) टेबलावरच्या जुन्या खेळांत रंगीत चेंडू मिसळून तो तयार केला. 1903 पासून आमचा वऱ्हाड आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. त्या हिशेबाने खेळ आमच्याच जुन्या मुलखातला! आणि विल्सन जोन्स तर पुण्यात जन्मलेले. ते 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. वैयक्तिक खेळातले ते भारताचे पहिले जगज्जेते. आता तर बिर्ला कॉर्पोरेशनचा सिमेंट कारखाना 2022 पासून इथे चालू आहे, बाहेरच्या राज्यांतली तरुण मंडळी मुकुटबनात राहायला आली आहेत, आणि वणीच्या टेबलाभोवती कधी हिंदी, कधी तेलुगू, कधी झाडून सगळ्या भाषा ऐकू येतात. तेव्हा साहेब वगैरे आता कुणी उरलेलं नाही.

बाजारात क्यूसाठी कापडी पिशव्या मिळतात, रेक्झिनचे नळे मिळतात, अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्याही मिळतात. पिशवी धूळ अडवते, पण वाकणं अडवत नाही. अ‍ॅल्युमिनियमची पेटी गाडीत उन्हात अर्धा तास राहिली की तिला हात लावता येत नाही, मग आतल्या मेपलची काय कथा. लाकडाच्या पेटीत उष्णता सावकाश शिरते आणि ओलही सावकाश शिरते. बाहेर दर तासाला हवा बदलली तरी आत तिचा पत्ता उशिरा लागतो. क्यूला हवं असतं ते एवढंच.

लाकूड कोणतं, हा प्रश्न आमच्याकडे पडत नाही. यवतमाळ-चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे सागाचा मुलूख. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये साग गेला तो बल्लारपूरच्या डेपोतून. साग पाण्याने फुगत नाही आणि उन्हाने आकसत नाही असं नव्हे, पण इतरांपेक्षा फार कमी. मुंबईच्या वाडियांच्या गोदीत 1817 मध्ये बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या पाण्यात तरंगतं आहे. एका मित्राने मात्र पैनगंगेपलीकडचं पोनिकी सुचवलं होतं. निर्मलची खेळणी होतात ते लाकूड, अगदी हलकं. पेटी निम्म्या वजनाची झाली असती. पण पोनिकी मऊ असतं, एसटीच्या टपाला एकदा आपटलं की खड्डा पडतो.

नवा साग घ्यायचा तर डेपोचा शिक्का आला, टीपी, म्हणजे लाकूड नेण्याचा परवाना, आली. त्याची गरजच पडली नाही. आमचं जुनं मातीचं घर पाडलं तेव्हाचं एक मयाल, म्हणजे छपराची तुळई, गोठ्यात आडवं पडून होतं. आजोबांच्याही आधीचं. इतकी वर्षं छपराखाली मुरलेलं लाकूड विकत घेऊ म्हटलं तरी मिळत नाही. आरामशीनवाला मात्र ते पाहून मागे सरला. जुन्या लाकडात खिळा असला की त्याच्या पात्याचे दात जातात. शेवटी लोहचुंबक फिरवून, खिळे उपटून, ज्या जागी शंका होती तो भाग कापून टाकला आणि मग त्याने फळ्या काढून दिल्या. वरून काळं, धुराने माखलेलं मयाल. आत पातं शिरलं तसा मधासारखा पिवळा गाभा उघडा झाला आणि सागाचा तो ओळखीचा कातड्यासारखा वास सगळ्या आवारात पसरला. चहाच्या टपरीवरची दोन माणसं उठून पाहायला आली.

आमच्या वाढईकाकांचं वय सत्तरीच्या पुढे. उभ्या आयुष्यात त्यांनी दारं, चौकटी, वखराच्या दांड्या, बंड्या केल्या. गेली काही वर्षं मात्र मुलासोबत प्लायवूडला सनमायका चिकटवतात. क्यू हातात घेऊन त्यांनी आधी डोळ्याशी धरला, बंदुकीची नळी पाहावी तसा.

“कायची काडी हाये ही?”

मी खेळ समजावला. त्यांनी ऐकून घेतला, फारसा पटला नाही.

“बंदुकीची पेटी पायली होती म्या. काडीची पयल्यांदाच.” मग जरा थांबून, “काडी मात्र सुदी हाये हो. एक नंबर.”

मी मापं लिहून नेली होती. कागद त्यांनी तसाच परत दिला. “माप राहू द्या. काडीच ठेवून जा.” त्यांनी एक लाकडी पट्टी घेतली, दोन्ही तुकडे तिच्याशेजारी ठेवले आणि जिथे जाडी बदलते तिथे तिथे टोचणीने खुणा केल्या. शाफ्टचं टोक, सांधा, मुठीचा भाग, बूड. पुढचं सगळं काम त्या पट्टीवरून झालं, टेप उघडला तो फक्त माझ्या समाधानासाठी. क्यू बुडाशी सव्वा इंच आणि टोकाशी अर्धा इंच. असा निमुळता जिन्नस आकड्यांत पकडण्यापेक्षा पट्टीवर पकडणं सोपं, हे मला तिथे उभं राहून कळलं.

बाजूच्या फळ्या 10 मिलिमीटरच्या, तळ आणि झाकण त्याहून पातळ. कोपऱ्यांना खिळा नाही. एका फळीचे दात दुसरीच्या खाचांत बसवायचे. खतकसाने रेघ, बारीक करवतीने चिरा, मग पटाशी. त्यांचा मुलगा राउटर घेऊन आला होता, त्याला त्यांनी हातानेच बाजूला केलं. त्यात मशीनचा राग नव्हता. एवढ्याशा फळीला मशीन धरायचं कसं, हा साधा व्यवहार होता. तळाची फळी चारही बाजूंच्या खाचेत नुसती सरकवली, तिला फेव्हिकॉल लावला नाही. उन्हाळा-पावसाळ्यात ती थोडी हलणारच. चिकटवली तर एखाद्या दिवशी मधोमध तडकते. सागात तेल असतं, म्हणून जोड चिकटवण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेतले.

आणि मग त्यांनी जे केलं ते पाहण्यासाठी मी दुकान बंद करून गेलो होतो. पेटी आणि झाकण वेगवेगळं केलंच नाही. सहाही बाजू बंद केल्या, कुठेही तोंड नसलेला एक ठोकळा केला, आणि तो पुरता वाळल्यावर चारही अंगांनी रेघ मारून करवतीने चिरला. रेघ वरच्या तिसऱ्या भागावर. आधी एक लांब बाजू, मग आखूड, मग दुसरी लांब. चीर जशी पुढे जाई तशा मागे तिच्यात पातळ पाचरी खोचत होते, नाहीतर शेवटी पेटी करवतीवर मिटते. करवतीच्या रुंदीचं लाकूड भुशात जातं, ते त्यांनी पट्टीवर आधीच जास्तीचं धरलं होतं. शेवटचे दोन इंच फार सावकाश. मग झाकण हातात आलं, त्यांनी रंध्याचा एक-एक हात दोन्ही काठांवर फिरवला आणि ते परत ठेवलं. सागाच्या रेषा तळाकडून झाकणावर तशाच चालत गेल्या होत्या, जोड शोधावा लागत होता. दोन वेगळे भाग करून असा मेळ बसवायला अट्टल कारागीरही घामाघूम होतो. एकच ठोकळा चिरला की मेळ आपोआप बसतो.

आतला भाग मात्र माझ्या सांगण्याने झाला आणि यावर आमची चांगली जुंपली. त्यांना पूर्ण लांबीची खाच कोरून काडी त्यात घट्ट बसवायची होती. “हालली नाही पायजे.” मला उलट हवं होतं. घट्ट धरलेला शाफ्ट ज्या बाजूने दाबला जातो त्या बाजूने कालांतराने वाकतो. क्यूला सरळ रेषेत आधार द्यायचा, आवळायचं नाही. शेवटी प्रत्येक तुकड्याला तीन-तीन घोड्या ठरल्या, अर्धगोल कोरलेल्या. झाकणाला तशाच, पण अस्तराच्या कापडाला कापड जेमतेम टेकेल इतक्याच. चामड्याच्या टिकलीपुढे बोटभर जागा मोकळी सोडली.

अस्तराला मखमल सगळे सुचवत होते. मखमलीचा रंग उतरतो आणि तिला ओलही धरून ठेवायची सवय. वणीच्या पार्लरने तेव्हाच एका टेबलाचं कापड बदललं होतं, जुनं निळं कापड कोपऱ्यात गुंडाळून पडलेलं. लोकर आणि नायलॉनचं, घट्ट विणीचं, चेंडूंनी वर्षानुवर्षं घोटलेलं. मालकाने ते असंच देऊन टाकलं. ब्रेक करताना जिथे पांढरा चेंडू ठेवतात तिथला झिजलेला पट्टा कापून टाकला, बाकीचं चिकटवलं. एका घोडीवर खडूचा डाग राहिला आहे, तो मी काढला नाही.

बाहेरून चपडी लाख आणि स्पिरिट. मलमलच्या चिंधीत कापसाचा बोळा बांधायचा. कापूस काय, आमच्या घरात कुठूनही हाताला लागतो. पातळ हात, वाळू द्यायचं, बारीक पॉलिश पेपर, पुन्हा हात. हे काम काकांनी पाऊस पडायच्या आत उरकलं. हवेत ओल असली की लाखेवर पांढरट साय येते. आतून पॉलिश बिलकुल नाही. आतलं लाकूड उघडं ठेवलं तरच ते आतल्या हवेतली थोडी ओल घेतं आणि सोडतं. पितळी बिजागऱ्या तीन, कड्या दोन, मूठ मोच्याकडून शिवलेल्या चामड्याची.

पेटी तयार झाली ती भरली दोन किलोची. क्यूच्या चौपट वजनाची पेटी घेऊन वणीच्या बसमध्ये चढलं की कंडक्टर बासरी की बंदूक, असं नजरेनेच विचारतो. दुचाकीवर ती पाठीला बांधावी लागते आणि खांदा बोलतो. रोज नेण्याआणण्याची सोय पाहिली तर रेक्झिनचा नळाच बरा, हे मी कुणापासून लपवत नाही. मजुरी आणि पितळी सामान मिळून साधारण साडेचार हजार लागले; लाकूड घरचं होतं म्हणून.

पण मधे एक आख्खा उन्हाळा कूलरसकट गेला, एक पावसाळा गेला, आणि शाफ्ट टेबलावर अजून एकसारखा घरंगळतो. सगळं श्रेय पेटीला देणार नाही. ती ठेवायची जागाही मी बदलली, कूलरच्या वाऱ्यापासून लांब, आडवी, आतल्या खोलीच्या फळीवर. भिंतीला टेकवून उभा ठेवलेला क्यू कुठल्याही पेटीत वाकेल.

काकांच्या मुलाने त्यानंतर सनमायकाचं एक काम सोडून माझ्या मित्रासाठी दुसरी पेटी करायला घेतली, दात कोरायला काका शेजारी बसलेले. तुम्हाला अशी पेटी करून घ्यायची असेल, तर गावच्या वाढयाकडे माप घेऊन जाऊ नका, क्यूच घेऊन जा. जुन्या घराचं एखादं मयाल सरपणात जाण्याआधी बाजूला काढून ठेवा. आणि काम दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवा.